डाव्या बाजूचा ड्रायव्हर

आमच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आणि तरी माझे शाळेतले तीन-चार वर्षांचे सगळे रविवार इंग्रजी सिनेमे बघण्यात गेले, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी मोठेपणा मिरवते आहे. तसं काही नाही. सिनेमे म्हणजे सत्तरच्या सुमाराचे, परदेशातल्या कुठल्यातरी उजाड माळावर थोडक्या खर्चात उरकलेले. सुरुवातीची दहा मिनिटं माणसं बोलायची आणि मग एक गाडी सुटायची ती शेवटपर्यंत थांबायची नाही. पुढे ती एक, मागे पोलिसांच्या चार. कुणी काय चोरलं होतं, कोण कुणाचा भाऊ होता, हे आम्हाला कधी कळलं नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही. धुरळा कळत होता, वळण कळत होतं, आणि पत्रा वाजलेला तर आमच्या घरात सगळ्यांनाच कळत होता.

कारण बाबा आमगावात गाड्यांचे डेंट काढायचे. दुकान पुढे आणि दोन खोल्यांचं घर मागे, मध्ये एक पडदा. मागच्या बाजूला रेल्वेचे रूळ. मालगाडी गेली की मांडणीवरची ताटं थरथरायची, आणि ती थांबली की पुन्हा बाबांची हातोडी ऐकू यायची. आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडीनं पत्रा हळूहळू मूळ जागी आणायचा, हे त्यांचं काम. आई चुलीपाशी बसून नुसत्या आवाजावरून सांगायची की काम नीट चाललं आहे की पत्रा हट्टाला पेटला आहे. हट्टाला पेटला असेल तर ती भात वैरायला घाई करायची नाही, कारण तो नीट बसल्याशिवाय बाबा जेवायला उठत नसत. आमचा भात त्यामुळे कधी गरम तर कधी गार असायचा, आणि लाखोरीची डाळ मात्र कायम घट्ट. आईला पातळ डाळ वाढणं म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर मांडण्यासारखं वाटे.

त्या सीड्या आल्या रायपूरकडच्या एका ट्रकवाल्याकडून. बाबांनी त्याची केबिन सरळ केली आणि जाताना त्यानं सीटखालून एक पिशवी काढून दिली, "मिस्त्री, बच्चे लोग देखेंगे" म्हणून. वीसेक सीड्या होत्या. कव्हरं एकीची दुसरीला. सिनेमा दोन सीड्यांत असायचा आणि निम्म्या सिनेमांची दुसरी सीडी एकतर नव्हतीच किंवा चिरलेली होती. म्हणजे पाठलाग अगदी रंगात आला की पडदा निळा व्हायचा. एक लाल गाडीवाला होता, तो पुलाच्या अलीकडे पोचायचा आणि सीडी संपायची. तो पलीकडे गेला की नाही, यावर मी आणि बाबांनी किती वाद घातले असतील त्याला हिशेब नाही. टीव्ही आईच्या लग्नातल्या लोखंडी पेटीवर ठेवलेला होता, वर भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. जेवणं झाली की दुपारी बाबा अंग धुऊन, स्वच्छ बनियन घालून, परीक्षेला बसल्यासारखे टीव्हीसमोर बसायचे.

ते सिनेमा बघत नसत, तपासत असत. हातात रिमोट, डोळे बारीक. मध्येच पॉज करायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "सांग. काय चुकलं?" आणि मी शोधायची. पहिल्या पहिल्यांदा मला काहीच दिसायचं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. गाडी भिंतीला घासायच्या आधीच तिच्या दारावर ओरखडा आहे. चाकाची चकती मघाशी उडून गेली होती, ती वळण घेतल्यावर परत आली आहे. पोलिसांच्या चार गाड्या म्हणजे खरं तर दोनच, फक्त आलटून पालटून पुढे आणल्या आहेत. पांढरी गाडी दरीत गेली, आणि पुढच्या प्रसंगात तीच हिरवा रंग फासून आली, कारण मागच्या बंपरचा पोचा तोच. मी बरोबर सांगितलं की बाबा नुसता रिमोट दाबायचे, चित्र पुढे चालायचं. शाबासकी वगैरे प्रकार आमच्या घरात नव्हता. चित्र पुढे चाललं, हीच शाबासकी.

मला पुढे शहरातल्या एक-दोन जाणकारांनी विचारलं की त्या टुकार सिनेमांत तुम्हाला आवडत काय होतं. ते टुकार होते हे मला मान्य आहे. पण त्यांच्याकडे पैसा नव्हता म्हणून त्यांना खोटं करता येत नव्हतं, हे बाबांचं म्हणणं मला आजही पटतं. गाडी आपटली असं दाखवायचं तर खरीच आपटावी लागायची, आणि एकदाच, कारण दुसरी गाडी नसायची. त्यामुळे आपटणारा माणूस आपटायच्या आधी किंचित कचरायचा, ते दिसायचं. वाजवायला संगीत परवडायचं नाही म्हणून नुसतं इंजिन ऐकू यायचं. नंतरच्या काळात गाड्या आकाशातून उडायला लागल्या, इमारतीवरून इमारतीवर. बाबांनी तसला एक सिनेमा अर्धा पाहिला आणि उठून गेले. म्हणाले, "याच्यात पत्रा कुठं हाय?"

त्या पिशवीखेरीज आमच्याकडे आणखी एकच सीडी होती, ती धाकट्या मावशीच्या लग्नाची. शूटिंगवाला गोंदियाचा होता आणि त्यानं नुकतंच नवं मशीन घेतलं असावं, कारण जे जे करता येतं ते ते त्यानं आमच्या मावशीवर करून पाहिलं होतं. नवरा-नवरी बदामाच्या आकारात, आजी कमळात, वंदना म्हणणारे भन्तेजी चार तुकड्यांत वाटलेले. मध्येच चित्र पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं आणि दुसरं यायचं. आईला ही सीडी फार प्रिय. कुणी पाहुणा आला की चहाबरोबर सीडी, आणि बाजूला बसून "हे आमचे तिरोड्याचे, हे बोदलकशाचे, मासोळ्या यांनीच आनल्या होत्या" असं सांगणं. मला ती सीडी पाठ होती. शेवटी मावशीची पाठवणी, आणि ती शालिकमामाच्या जीपमधून.

शालिकमामा म्हणजे आईचा एकुलता भाऊ. आईच्या माहेरी दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणी करणारी माणसं, त्यांत जीप घेणारा हा पहिला. काळी, वापरलेली, पण जीप. सालेकसा रस्त्यावर तो सवाऱ्या मारायचा. हसतमुख, उधळ्या, भाच्यांना पुढच्या सीटवर बसवणारा. गावातून कुणी आजारी निघालं की आधी शालिकची जीप. आई त्याचं नाव घेताना नकळत पदर सारखा करायची. आणि मला तो आवडायचा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल भलतं काही समजू नये.

मी नववीत होते. धानाची कापणी चालू होती, दिवस लवकर मावळायचा. मामाच्या गावापासून दोन कोसांवरचा हिरामन नावाचा माणूस दुसऱ्याच्या शेतातली कापणी आटोपून सायकलनं घरी चालला होता. मागून जीप आली, तिचा डावा मडगार्ड त्याला लागला आणि तो सायकलसकट रस्त्याखालच्या नाल्यात पडला. मांडीचं हाड मोडलं. जीप थांबली नाही. हिरामन म्हणाला, काळी जीप, शालिकची. मामा म्हणाला, मी त्या रस्त्यानं गेलोच नाही. बघणारं कुणी नव्हतं. आता हिरामन हा पूर्वीचा पिणारा. दोन वर्षांपूर्वी त्यानं गावच्या विहारात सगळ्यांसमोर उभं राहून दारू सोडली होती. पण लोकांना काय, त्यांना जुनंच सोयीचं. प्याला असेल, पडला असेल, आता जीपवाल्याचं नाव घेतो आहे, असं जिकडे तिकडे झालं. ज्यांनी त्याच्या शपथेला साधू साधू म्हटलं होतं, तेच म्हणायला लागले.

त्याची बायको देवकाबाई त्यांच्या गावच्या पोलीस पाटलांना घेऊन मामाकडे गेली. पाटलांनी जीप पाहिली, डाव्या मडगार्डला ताटाएवढा खड्डा. मामा म्हणाला, हा जुना आहे. कधीचा? तर उन्हाळ्यापासूनचा. पाटील सरळ माणूस होते. म्हणाले, जुना आहे एवढं कुणी सांगा, मी रिपोर्ट देत नाही. नाहीतर सोमवारी देतो.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्याकडे आला तो बसनं. जीप आणली नाही, हे तेव्हा मला खटकायला हवं होतं. पुढे दुकानात बाबा एका गाडीचं दार उतरवून बसले होते, आई आणि मी उंबऱ्यात. मामानं सगळं सांगितलं.

"जुना हाय म्हन्तो तं कोनी आयकत नाई," तो म्हणाला. "आता मी कोन्ता पुरावा देऊ?"

आणि मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं. "मावशीच्या सीडीत दिसते ना तो खड्डा. पाठवनीच्या टायमाले. डाव्या बाजूले."

मामानं माझ्याकडे असं पाहिलं की मला आपण फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. खोटं नव्हतं बोलले मी. तो खड्डा मी शंभर वेळा पाहिला होता, झेंडूच्या माळेखाली, डाव्या मडगार्डवर. दुसऱ्याला गाडीवर हार दिसतात, मला खड्डे दिसायचे, ती बाबांचीच शिकवण.

"पक्कं?" मामानं विचारलं.

"पक्कं."

"पोट्टीचे डोरे लई बारीक हायेत, बाप्पा," मामा बाबांना म्हणाला. बाबांची हातोडी थांबली होती. थोड्या वेळानं पुन्हा ठोकू लागले. आई त्या दिवशी मामाला आत घेऊन गेली आणि बराच वेळ दोघं चुलीपाशी बोलत बसली. मला वाटलं, माझंच कौतुक चाललं असेल.

रविवारी सगळे आमच्याकडे जमले, कारण सीडी आमच्याकडे आणि सीडी लावायचं मशीनही आमच्याकडे. आता विचार केला की हसू येतं. आपल्यावरच्या आरोपाची शहानिशा करायला समोरच्या माणसांना घरी बोलावलं, सतरंजी घातली, आणि कुणीही आधी एकदा ती सीडी लावून पाहिली नाही. पाठच होती ती, कशाला पाहायची? देवकाबाई आली, तिचा दीर आला, पोलीस पाटील आले. जयभीम झाला. आईनं चिवडा ठेवला. देवकाबाईनं घेतला नाही. काळीसावळी, माझ्या आईच्याच वयाची बाई, कापणीनं हात चिरलेले. ती भिंतीला टेकून बसली आणि पाटलांना म्हणाली, "पाय जुडून जाईन, पाटील. पन लोकं म्हन्तेत प्याले होते, ते कसं जाईन? ते तं आता घरात माह्याकडेही पाहून नाई राहिले."

मी सीडी लावली. रिमोट बाबांनी घेतला, नेहमीसारखा. बदाम गेले, कमळ गेलं, भन्तेजी गेले. चित्र पानासारखं उलटलं आणि जीप आली. समोरून, हळूहळू, माळांनी मढलेली, नंबर हारांखाली झाकलेला. मडगार्डवर ताटाएवढा खड्डा.

"हे पाहा," मी म्हटलं.

पाटील पुढे सरकले. डावं की उजवं याची खात्री करायला ते उठून टीव्हीकडे पाठ करून, जीप उभी होती त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले आणि डावा हात वर केला. मान वळवून पाहिलं. "डावीच," ते म्हणाले. दीर म्हणाला, "दिसते तं खरं." देवकाबाई टीव्हीकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती फक्त थकली. बहुतेक त्याच क्षणी तिच्या मनात आलं असावं, की खरंच प्याले असतील का. मामानं बशीत चहा ओतला.

"पाटील, अजून एकदा पाहून घ्या," बाबा म्हणाले. त्यांनी चित्र मागे नेलं, पुढे आणलं, आणि पॉज केलं. मघापेक्षा थोडं पुढे. आता काचेतून आतला माणूस दिसत होता, फेटा बांधलेला, हसणारा मामा.

"प्रज्ञा," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग. काय चुकलं?"

मला आधी कळेना ते असं का विचारत आहेत. मग सवयीनं मी शोधायला लागले. हार, काच, मामाचा फेटा, खड्डा. खड्डा मामाच्या बाजूला. मामा स्टिअरिंगवर. मामा डाव्या बाजूला बसून गाडी चालवत होता.

शंभर वेळा पाहिलेलं चित्र. मला ते कधी खटकलं नाही, कारण आमच्या सगळ्या सिनेमांत सगळे ड्रायव्हर डावीकडेच बसायचे. रविवारमागून रविवार मी डावीकडे बसलेली माणसं गाडी हाकताना पाहिली होती. माझ्या डोळ्यांना तीच रीत झाली होती. शूटिंगवाल्यानं पान उलटण्याच्या नादात चित्र उलटं जोडलं होतं, आरशात दिसावं तसं. म्हणजे खरा खड्डा उजव्या मडगार्डवर होता, ड्रायव्हरच्या बाजूला. आणि हिरामनला लागला तो डावा. डावा लग्नात साफ होता.

हे सगळं मला एका दमात कळलं आणि मी गप्प बसले. लाइट जावी असं मनापासून वाटत होतं. एरवी ऐन पाठलागात जायची, पण रविवारी त्या वेळेला लोडशेडिंग नसायचं. मी बाबांकडे पाहिलं, ते पडद्याकडे पाहत होते. आईकडे पाहिलं, ती चिवड्याच्या ताटलीकडे. मामा माझ्याकडे पाहून हसत होता, कारण त्याला अजून काही कळलं नव्हतं. तो हसत होता हेच मला सोसेना.

"मामा डाव्या बाजूनं गाडी चालवून राहिला," मी म्हटलं.

कुणाला अर्थ लागला नाही. मला पुन्हा सांगावं लागलं. "चित्र उलटं हाय. खड्डा ड्रायव्हरच्या बाजूचा हाय, म्हन्जे उजव्या. डाव्या बाजूले तवा काही नोतं."

पाटील पुन्हा उठले, पुन्हा पाठ करून उभे राहिले, या वेळी दोन्ही हात वर करून. आणि मग हळूच खाली बसले. मालगाडी गेली, ताटं थरथरली. ती गेल्यावर देवकाबाई म्हणाली, "मंग ते प्याले नोते." कुणाला उद्देशून नाही. स्वतःलाच सांगितल्यासारखं.

मामानं बशी खाली ठेवली. "मी थांबाले पायजे होतं," तो म्हणाला. "सवाऱ्या होत्या गाडीत. भेव वाटला मले." आई कप गोळा करून आत गेली.

देवकाबाईनं रिपोर्टचा विषयही काढला नाही. तिनं एवढंच म्हटलं की येत्या रविवारी वंदनेला आमच्या विहारात या आणि जे आता बोललात ते सगळ्यांसमोर बोला. मामा गेला. बाबा त्याच्या शेजारी जीपमध्ये बसून गेले. पुढे दोन-तीन महिने हिरामनला गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं आणि आणायचं काम मामानंच केलं, त्याच जीपनं. तो डावा खड्डा बाबांनी काही सरळ केला नाही. हिरामन काठी टाकून चालायला लागला, त्यानंतर एक दिवस मामा न सांगता जीप घेऊन दुकानात आला आणि बाबांनीही न बोलता ठोकळा उचलला.

आई माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. बाबांशी नेहमीसारखं बोलायची, आज बाजारातून हे आणा, तेल संपलं. फक्त मी तिथे नसल्यासारखी. चौथ्या दिवशी पोपटाच्या शेंगांची टोपली माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "निवड." तेवढ्यावर मिटलं, असं मी समजले. पण मी सिनेमे पाहणं सोडलं. बाबा रविवारी हाक मारायचे, मी अभ्यास आहे म्हणायची. काही रविवार ते एकटेच बसले. मध्ये कुठे पॉज व्हायचा नाही, सिनेमा सरळ चालत राहायचा. मग ते मशीनच बिघडलं. माझ्या हातून ज्या काही गोष्टी तेव्हा झाल्या त्यांत बाबांना एकटं बसू दिलं, ही एक मला लागून राहिली आहे.

आता माझी चाळिशी झाली, बिरसीच्या विमानतळाजवळच्या शाळेत शिकवते, डोक्यावरून शिकाऊ विमानं जातात. स्वतः गाडी चालवत नाही. बाबांनी हातोडी ठेवली, हात थरथरतो. मोतीबिंदू काढल्यापासून मात्र नजर पुन्हा तशीच बारीक. गेल्या हिवाळ्यात मी आमगावला गेले असताना मोबाईलवर शोधता शोधता तो लाल गाडीवाला सापडला, ज्याची दुसरी सीडी चिरलेली होती. मी तो घरच्या टीव्हीवर लावला. आम्ही दोघं बसलो. बाबांनी बनियन बदलला की नाही ते पाहिलं नाही, पण रिमोट मागून घेतला. लाल गाडी पुलाशी पोचली, इतक्या वर्षांनी पलीकडे गेली, आणि कोसभर अंतरावर पेट्रोल संपून उभी राहिली. माणूस उतरला, बॉनेटवर बसला, पोलीस आले. संपलं.

"हे का?" बाबा म्हणाले. "याच्यासाठी आपन एवढं भांडलो?"

आम्ही हसलो, आणि हसता हसता मी विचारून टाकलं. "बाबा, त्या दिवशी तुमाले दिसलं होतं ना? पॉज केलं तवा?"

"दिसाचं काय त्याच्यात? उजवा मडगार्ड मीच सरळ केलता, बरसातीत. तू शाळेत होती. तू सीडीत दिसते म्हनली, तवाच मले मालूम होतं डावा नाई म्हनून."

"मंग तुमी काऊन नाई बोलले?"

त्यांनी रिमोट हातात फिरवला. "साळा होता माहा," ते म्हणाले. "मी बोललो असतो तं तुयी माय जनमभर माह्यासंग बोलली नसती. तुह्यासंग तं बोललीच ना, चौथ्या दिवशी."

मला राग आला. लपवण्यात अर्थ नाही, चांगलाच आला. चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडून वदवून घेतलं आणि स्वतः पडद्याकडे बघत बसले. मी तसं म्हणणार होते. पण आतल्या खोलीतून, चुलीपासून, आईचा आवाज आला. तिला ऐकू कमी येतं असं आम्ही धरून चाललो होतो.

"तिच्यावर कायचा राग धरू मी?" आई म्हणाली. "शालिक आला होता त्या दिवशी चुलीपाशी सगळं सांगून गेलता मले. धडक झाली म्हने, थांबलो नाई म्हने. मी म्हटलं, पोरगी म्हन्ते ना सीडीत दिसते, तं दिसू दे. मंग ते तीन दिवस मले तिच्या तोंडाकडे पाहावतच नोतं."

बाबांनी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. त्यांनाही हे नवं होतं. म्हणजे त्या रविवारी सतरंजीवर बसलेल्या आमच्या चौघांत खरं काय ते तिघांना ठाऊक होतं, आणि सांग, म्हणून विचारलं गेलं ते फक्त मला.

आई बाहेर आली. हातात शेंगांची टोपली होती, ती तिनं आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आणि स्वतःही खाली बसली. बाबांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि आम्ही तिघं शेंगा सोलत बसलो.